असल आणि तालीक

पुण्याहून नगर रस्त्याने निघून कोरेगाव भीमा गाठावे आणि तेथून मुख्य रस्ता सोडून थोडे आत वळावे, म्हणजे शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक हे गाव लागते. ११ मार्च १६८९ रोजी जवळच्याच तुळापुरास, नद्यांच्या संगमावर, औरंगजेबाच्या आज्ञेने छत्रपती संभाजी महाराजांचा वध झाला आणि त्यांची समाधी वढूस आहे, एवढे एकच कारण महाराष्ट्रातील माणसाचे पाय या गावाकडे वळण्यास पुरेसे असते. समाधीपुढे नतमस्तक होऊन परतणाऱ्या यात्रेकरूचे लक्ष गावाच्या नावाच्या पाटीकडे सहसा जात नाही. परंतु त्या पाटीवरील 'बुद्रुक' हा शब्द क्षणभर थांबून वाचण्यासारखा आहे. फारसीतील 'बुजुर्ग' म्हणजे थोर, वडील. त्याचे मराठी जिभेवर घडलेले रूप म्हणजे बुद्रुक, आणि त्याच्या जोडीचा 'खुर्द' म्हणजे धाकटा. एका नावाची दोन गावे असली की एकाचा धारा दुसऱ्याच्या नावे पडू नये, म्हणून जमाबंदीच्या कुणा कारकुनाने थोरले-धाकटे असा भेद कागदावर मांडला, आणि तो कागद लिहविणारी राजवट लयास जाऊन शतके लोटली तरी तो भेद गावांच्या नावांना चिकटून राहिला. वढूच्या नावातच, म्हणजे, दप्तर वसलेले आहे.

हे आठवण्याचे निमित्त असे, की शासनाचे दप्तर कागदावरून उचलून 'क्लाउड' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेघसाठ्यात नेऊन ठेवण्याचा उद्योग आज सर्वत्र चालू आहे. वरवर पाहता हा प्रश्न यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु कागद कोठे ठेवावा, त्याच्या प्रती किती असाव्यात, त्या कोणाकोणाच्या हाती असाव्यात आणि खरा कागद कोणता हे वाद पडल्यास कोणी सांगावे, हे प्रश्न या भूमीला नवे नाहीत; पुणे प्रांताने त्यांची उत्तरे अनेकदा शोधली आहेत, आणि ती चुकली तेव्हा त्यांची किंमतही मोजली आहे.

संभाजी महाराजांचेच उदाहरण घ्यावे. त्यांच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांच्या सुमारास मल्हार रामराव चिटणीस यांनी बखर लिहिली. हे बखरकार ज्या बाळाजी आवजींच्या कुळातले, त्या बाळाजींना संभाजी महाराजांच्या आज्ञेने देहान्त शिक्षा झाली होती. तेव्हा त्या लेखणीतून उतरलेले चित्र कोणत्या रंगाचे असेल, हे सांगावयास नको. तेच चित्र पुढे नाटक-कादंबऱ्यांनी उचलले आणि लोकमानसात रुजवले. ते पुसून काढावयास वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाला आयुष्यातील कित्येक दशके समकालीन कागद धुंडाळण्यात घालवावी लागली, आणि त्यांनी लिहिलेले संभाजी-चरित्र प्रसिद्ध व्हावयास १९६० साल उजाडले. बखर ही आठवणीची आठवण होय. दप्तरातील कागद मात्र घटनेच्या वेळी, बहुधा इतिहासाचा विचारही मनात नसलेल्या कारकुनाने, हिशेबासाठी लिहिलेला असतो, आणि म्हणूनच त्याची साक्ष मोलाची. तो कागद उरला नसता, तर वढूच्या समाधीपुढे उभे राहून आपण कोणत्या राजाला वंदन करतो, हे आपल्यालाच नीट कळले नसते.

'दप्तर' हा शब्दही असाच लांबचा प्रवास करून आलेला आहे. ग्रीकांच्या भाषेत कमावलेल्या कातड्याला 'दिफ्थेरा' म्हणत. त्या कातड्यावर लिहीत. तेथून तो शब्द फारसीत 'दफ्तर' झाला, मराठी राज्यात कचेरीचा झाला आणि आज शाळकरी मुलाच्या पाठीवर लटकतो आहे. कातडे गेले, कागद आला, आता कागदही जाऊ पाहतो आहे. शब्द मात्र टिकला.

मराठी राज्याची कागद सांभाळण्याची पद्धत मोठी विचारपूर्वक आखलेली होती. एखाद्यास इनाम मिळाले, तर एकच सनद लिहून काम संपत नसे. ज्यास इनाम मिळाले त्यास एक पत्र, गावच्या मोकदमास दुसरे, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांस तिसरे आणि त्या वेळच्या व पुढे येणाऱ्या अंमलदारांस चौथे, अशी एकाच निर्णयाची अनेक पत्रे निघत, आणि ती निघताना निरनिराळ्या दप्तरांत त्यांची बार, म्हणजे नोंद, होई. अंमलदाराने मूळ पत्र पाहून त्याची तालीक, म्हणजे नक्कल, लिहून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी धन्याकडे परत करावे, अशी आज्ञा त्या पत्राच्या शेवटी लिहिण्याचा प्रघात होता. यातील मर्म लक्षात घेण्याजोगे आहे. असल रयतेच्या घरी, तालीक सरकारात, नोंद हुजुरात. यांपैकी कोणतेही एक ठिकाण जळाले, लुटले गेले किंवा बेइमान झाले, तरी उरलेली दोन त्याच्यावर साक्ष देण्यास उभी राहत. आणि धामधुमीत सर्वच कागद गेले, तर गोतसभा बसे, वृद्ध-जाणती माणसे शपथेवर सांगत, त्याचा महजर लिहिला जाई आणि त्याच्या आधारे नवी सनद मिळे. अभिलेखशास्त्राचे आजचे पंडित जे तत्त्व मोठ्या परिभाषेत सांगतात, ते आमच्या चिटणीस-फडणीसांना व्यवहारातून उमगले होते: कागदाचे आयुष्य पेटीच्या भक्कमपणावर नव्हे, तर तालकेच्या संख्येवर आणि साक्षीदारांच्या वेगळेपणावर अवलंबून असते.

हे तत्त्व जेथे सुटले तेथे काय झाले, त्याचा दाखला पुण्यापासून फार दूर नाही. १७६३ साली निजामाच्या फौजेने पुणे लुटले आणि जाळले, तेव्हा माणसे आणि चीजवस्तू सिंहगडाच्या आश्रयास गेली होती. फौजेची एक तुकडी मागोमाग गेली, तिने गडाखालचे खेडे पेटवले, आणि ग्रँट डफ याने नमूद केल्याप्रमाणे मराठ्यांच्या इतिहासाचे मोलाचे राजकीय कागद त्या आगीत भस्मसात झाले. शहरातून निघालेले कागद डोंगराच्या छायेत गेले म्हणून वाचले नाहीत. सुरक्षित जागा म्हणजे सुरक्षित कागद नव्हे, हे त्या राखेने शिकवले.

जे उरले तेही थोडे नव्हते. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर राज्याचे दप्तर एल्फिन्स्टनच्या कारभारात इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनामांची चौकशी सुरू झाली, १८५२ साली त्यासाठी कायदाच झाला, आणि ज्याच्यापाशी सनद नाही त्याचे इनाम धोक्यात, असा काळ आला. तेव्हा सरकारी दप्तरातील कागद हे सरकारच्या हातातील शस्त्र बनले. हे सर्व कागद पुढे पुण्याच्या एलिएनेशन ऑफिसात म्हणजे आजच्या पुणे पुराभिलेखागारात ठेवले गेले: सुमारे पस्तीस हजार रुमाल, आणि त्यांत कोट्यवधी कागद. रुमाल म्हणजे कागदांचा गठ्ठा ज्यात बांधतात ते कापड, आणि त्यावरून तो गठ्ठाही. बाहेरच्या संशोधकाला तेथे सहज प्रवेश नव्हता. रियासतकार गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून चार-पाच वर्षांत या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड छापून निघाले, तेव्हा कुठे त्या रुमालांच्या गाठी महाराष्ट्रासाठी सैल झाल्या. छापील खंडाच्या शेकडो प्रती शेकडो ग्रंथालयांत गेल्या. त्या कागदांच्या तालका इतक्या विपुल झाल्या, की आता कोणतीही एक आग त्यांना संपूर्ण गिळू शकणार नाही.

आता राजदरबारातून गावच्या चावडीत येऊ. इंग्रजी अमलात मोजणीचा पहिला मोठा प्रयोग १८२७ नंतर आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने याच पुणे जिल्ह्यात केला. जमिनीचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवावयाचा, हे त्याचे गणित शास्त्रशुद्ध होते. परंतु खालून येणारी मोजमापे सदोष, आणि कित्येक ठिकाणी लाच घेऊन लिहिलेली. नोंद चुकीची, तर त्यावरील उत्कृष्ट गणितही चुकीचे, आणि अखेर ती सारी व्यवस्था मोडीत काढावी लागली. १८३५-३६ पासून इंदापुरात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी नव्याने पाहणी आरंभली, तिच्यातून सर्व्हे नंबर, आकारबंद आणि तीस वर्षांची जमाबंदी ही घडी बसली. संगणकावर सात-बारा चढविणाऱ्यांनी प्रिंगलसाहेबाचे स्मरण रोज सकाळी करावे, इतका तो धडा ताजा आहे.

दुसरा धडा खास शिरूर तालुक्याचा. १८७४ च्या अखेरीस या तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने देशमुखावर हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडविले, आणि गावाने सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे उठाव झाला आणि पाहता पाहता पुणे व नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत तो पसरला. या उठावाचे वैशिष्ट्य असे, की जमावाचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. कर्जरोखे आणि खतावण्या यांची चावडीपुढे होळी झाली. निरक्षर कुणब्याने कागद का जाळावा? कारण कागद एकाच बाजूच्या पेटीत होता. रोखा सावकाराकडे, हिशेब सावकाराचा, व्याजाचा आकडाही त्याचाच. रयतेजवळ ना असल, ना तालीक. म्हणूनच त्यानंतर आलेल्या १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात खते गावच्या निबंधकापुढे लिहावीत, हिशेब आणि पावती ऋणकोच्या हाती द्यावी, असा बंदोबस्त झाला. जाळपोळीवरचा उपाय अधिक कागद हा निघाला, आणि तो योग्यच होता; मात्र तो कागद आता दोन्ही हातांत असावयाचा होता.

पुढे १९०३ च्या मुंबई कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि आज आपण ज्याला सात-बारा म्हणतो तो उतारा घडत गेला. गावच्या दप्तराचे एकवीस नमुने. त्यांतील सातवा अधिकार अभिलेखाचा आणि बारावा पिकांच्या नोंदीचा. दोन्ही एकाच पानावर आले म्हणून सात-बारा. सहावा नमुना फेरफाराचा: खरेदी, वारसा, वाटणी, बोजा, जे काही जमिनीच्या हक्कात घडते ते आधी येथे नोंदले जाते, हरकतीची मुदत जाते, मंडळ अधिकारी ते प्रमाणित करतो आणि मगच सातव्या नमुन्यात बदल होतो. १९५१ साली कुलकर्णी वतने गेली आणि हे दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती आले. त्याचे पदनामही आता ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिचे १५७ वे कलम सांगते, की या नोंदी विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खऱ्या मानाव्यात. एका कारकुनी ओळीला कायद्याने दिलेले हे वजन ध्यानी घेतले, म्हणजे त्या ओळीच्या स्थलांतराचा प्रश्न किती नाजूक आहे ते समजते.

राज्यातील सुमारे अडीच कोटी सात-बारे संगणकात उतरविण्याचे काम पुण्याच्या जमाबंदी आयुक्तांच्या देखरेखीखाली झाले. आरंभी ही माहिती तालुक्याच्या संगणकावर होती, पुढे ती मध्यवर्ती माहितीकेंद्रात गेली. हस्तलिखित आणि संगणकीय उतारा ताडून पाहताना कोठे क्षेत्र जुळेना, कोठे नावातील काना-मात्रा हरवली, कोठे खातेदारच गळाला. तेव्हा २०१७ साली राज्यभर चावडीवाचन करण्यात आले: गावाला एकत्र बसवून सात-बारा मोठ्याने वाचावयाचा आणि ज्याची चूक त्याने जागीच सांगावयाची. यंत्रयुगाच्या ऐन मध्यावर शासनाला गोतसभेची आठवण व्हावी, यात विनोद नाही. नोंद खरी की खोटी हे यंत्राला कळत नाही, शेजारच्या बांधावरच्या माणसाला कळते. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला, आणि शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या, कचेरीत एका नकलेसाठी दिवस मोडणाऱ्या शेतकऱ्याला तोच उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या हाती येऊ लागला. हा लाभ लहान नव्हे.

परंतु हा 'मेघ' म्हणजे आहे तरी काय? नावात आकाश असले तरी वस्तू अगदी पार्थिव आहे. मोठमोठ्या इमारतींत लोखंडी कपाटांच्या रांगा, त्यांत हजारो संगणक आणि तबकड्या, त्यांना अखंड वीज आणि अखंड गारवा, आणि अशा अनेक इमारती तारांनी परस्परांस जोडलेल्या. आपला कागद त्यांपैकी नेमक्या कोणत्या तबकडीवर आहे हे ठेवणाऱ्यास ठाऊक असण्याचे कारण नसते. यंत्रणाच त्याचे तुकडे करते, प्रत्येक तुकड्याच्या प्रती वेगवेगळ्या कपाटांत ठेवते, आणि एक तबकडी निकामी झाली की उरलेल्यांवरून नवी प्रत घडविते. जागा विकत घ्यावयाची नाही, लागेल तेवढी भाड्याने घ्यावयाची, हा त्यातील व्यवहार. केंद्र शासनाने आपल्या मेघव्यवस्थेला 'मेघराज' असे नाव दिले. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या मोठ्या माहितीकेंद्रांपैकी एक पुण्यातच आहे. आणि २०१८ च्या जानेवारीत महाराष्ट्राने सार्वजनिक क्लाउड वापरण्याचे धोरण जाहीर केले. त्याआधी २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला लागलेल्या आगीने वरच्या मजल्यांवरील असंख्य नस्ती घेतल्या होत्या. कागद एकाच इमारतीत असणे म्हणजे काय, हे तेव्हा राजधानीलाही कळले होते.

कागदापासून मेघापर्यंतच्या वाटेवर पहिले काम यंत्राचे नसून निवडीचे असते. अभिलेखाचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. 'अ' कायमचा जपावयाचा, 'ड' वर्षभरात नष्ट करावयाचा. सर्वच गठ्ठे यंत्रापुढे धरणे म्हणजे धान्याबरोबर भुसाही कणगीत भरणे होय. ३०० बिंदू प्रति इंच या सूक्ष्मतेने एका साध्या पानाची रंगीत प्रतिमा घेतली, तर ती संक्षेप न करता सुमारे दोन कोटी साठ लाख बाइट जागा व्यापते. अशी एक कोटी पाने म्हणजे सुमारे २६० टेराबाइट. संक्षेपाने ही जागा दशांशापर्यंत आणता येते, पण भाडे मात्र दरमहा, कायमचे, द्यावे लागते. रुमालाला वर्षातून एकदा ऊन आणि वेखंड-कडुलिंबाचा पाला पुरत असे. मेघाला बिल चुकले की चालत नाही.

क्रमही विचाराने ठरवावा लागतो. जितका कागद जुना तितका तो अशक्त, असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती बहुधा उलट असते. चिंध्यांच्या लगद्यापासून हाताने केलेला जुन्नरी कागद आणि काजळाची शाई ही जोडी अडीचशे वर्षांनंतरही ताठ उभी आहे, कारण त्या कागदात आम्ल थोडे आणि काजळ हा तर शुद्ध कार्बन, तो विटत नाही. याउलट लाकडाच्या लगद्यापासून गिरणीत झालेला विसाव्या शतकातील स्वस्त कागद स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडून बोटाला लागताच मोडतो. म्हणजे पेशवाईचा रुमाल एक वेळ थांबू शकेल, पण स्वातंत्र्याच्या आगेमागे लिहिलेली फेरफारची वही थांबू शकणार नाही.

प्रतिमा घेतली म्हणजेही काम झाले नाही. जिला नाव नाही, गाव नाही, साल नाही, अशी प्रतिमा ढिगातील सुईसारखी असते. जमिनींच्या एकत्रीकरणाच्या योजनेत जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. या दोहोंचा मेळ घालणारा तक्ता बरोबर नसेल, तर पणजोबाच्या नावचा उतारा मेघात सुखरूप असूनही पणतूला कधी सापडावयाचा नाही. दप्तर हरवण्याचे हे दोन प्रकार आहेत: कागद नष्ट होणे हा एक, आणि कागद असून न सापडणे हा दुसरा, दुसरा अधिक क्रूर.

तिसराही एक प्रकार आहे, आणि तो महाराष्ट्राने अनुभवलेला आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत शिकविली जाणारी मोडी लिपी व्यवहारातून गेली, आणि दोन पिढ्यांत असे झाले, की आजोबांच्या हातचा दस्तऐवज नातवाच्या हातात आहे, अक्षर स्वच्छ आहे, भाषाही मराठीच आहे, पण वाचता येत नाही. संगणकातील माहितीलाही लिपी असते. ती ज्या साच्यात साठवली जाते त्यालाच तिची लिपी म्हणावे. ज्या कंपनीचा साचा असेल ती बुडाली, किंवा तिने तो बदलला, की कालचा कागद आजच्या यंत्राला मोडीसारखा होतो. म्हणून दीर्घकाळ जपावयाचे दस्तऐवज सर्वांस खुल्या अशा साच्यातच ठेवावेत, आणि दर काही वर्षांनी ते नव्या साच्यात उतरवून घ्यावेत, असा दंडक जगभरच्या पुराभिलेखागारांनी घातला आहे.

मग असल कोणती? संगणकाच्या जगात हजार प्रती केल्या तरी पहिली आणि हजारावी यांत तिळमात्र भेद नसतो. म्हणजे सर्वच तालका, किंवा सर्वच असल. त्यातच आजचे नवे फेरफार थेट संगणकातच जन्म घेतात. त्यांच्यामागे शाईचा कागद नसतोच. अशा वेळी खरेपणा ठरवावयास दोन साधने वापरतात. पहिले डिजिटल स्वाक्षरी, आणि दुसरे 'हॅश' नावाचा अंक-अक्षरांचा ठसा. संपूर्ण दस्तऐवज एका ठरावीक गणितातून काढला की चौसष्ट चिन्हांची एक ओळ मिळते. दस्तऐवजातील एक अनुस्वार जरी बदलला तरी ही ओळ पूर्णपणे निराळी येते. जुन्या पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब असे ते मधल्या मजकुरात कोणी भर घालू नये म्हणून. हॅश हे त्याच मोर्तबाचे गणिती रूप होय. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाने इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हा ठसा नमूद करण्यास सांगितले आहे. मात्र एक मर्यादा विसरू नये: नोंद केल्यानंतर ती बदलली नाही, एवढेच हॅश सांगतो, मुळात ती खरी होती काय, हे चावडीच सांगणार.

आणि आता सिंहगडाच्या पायथ्याची ती राख पुन्हा आठवावी. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात देजॉन येथील शासकीय माहितीकेंद्रात लिथियम बॅटरीतून आग भडकली आणि सहाशेंहून अधिक शासकीय प्रणाली बंद पडल्या. सरकारी नोकरांनी कामाचे कागद स्वतःच्या संगणकावर न ठेवता ज्या शासकीय मेघसाठ्यात ठेवावेत अशी सूचना होती, तो साठाच त्या आगीत नष्ट झाला: ८५८ टेराबाइट, आणि आकार फार मोठा म्हणून त्याची बाहेर दुसरी प्रत ठेवलेली नव्हती. तंत्रविद्येत अग्रेसर असलेल्या राष्ट्राला जे १७६३ च्या पुण्याला झाले तेच झाले. मेघ हा शब्द ऐकून आपण गाफील राहतो, पण मेघही कोणत्या ना कोणत्या जमिनीवर उभा असतो.

यातून आणखी एक बारकावा शिकण्यासारखा आहे. दोन इमारतींत क्षणोक्षणी परस्परांशी जुळत राहणाऱ्या प्रती म्हणजे दोन तालका नव्हेत; ती एकाच चेहऱ्याची आरशातील दोन बिंबे आहेत. एकीतून चुकून किंवा कपटाने काही पुसले गेले, की दुसरीतूनही ते तत्क्षणी पुसले जाते. खरी तालीक ती, जी वेगळ्या वेळी काढलेली, वेगळ्या जागी, वेगळ्या माणसाच्या कुलपात आणि शक्यतो तारेपासून तोडलेली असते. एस्टोनियासारख्या लहान देशाने आपल्या महत्त्वाच्या नोंदींची प्रत लक्झेंबर्गमध्ये, वकिलातीचा दर्जा देऊन ठेवली आहे. घरावर संकट आले तर सनद परक्या गावी शाबूत असावी, हा त्यामागचा विचार आमच्या जुन्या वतनदाराला लगेच पटला असता.

म्हणून मेघाला नकार देण्याचे कारण नाही. त्याच्या ठायी श्रद्धा ठेवण्याचेही नाही. साठा भाड्याचा असो की सरकारी, किल्ली एकाच हाती असली म्हणजे करड्याच्या सावकाराची पेटीच नव्या रूपाने उभी राहते, मग तो हात कितीही सज्जन असो. 'अ' वर्गाचा मूळ कागद प्रतिमा घेतल्यावर रद्दीत घालू नये. प्रत्येक बदलाची नोंद, कोणी केला व केव्हा केला यासह, पुसता न येईल अशी राहावी. आणि ज्याच्या जमिनीचा तो कागद आहे त्याने आपला उतारा वर्षातून एकदा तरी काढून, वाचून, घरात जपून ठेवावा. असल धन्याच्या घरी असावी, हा जुना शिरस्ता मोडण्याजोगे अद्याप काही घडलेले नाही.

वढूला 'बुद्रुक' हे उपपद ज्या कागदावर पहिल्यांदा लिहिले गेले, तो कागद आज कोणाला दाखवता येणार नाही. तरीही तो शब्द जिवंत आहे. तहसिलाच्या नमुन्यात आहे, शाळेच्या दाखल्यात आहे, पत्राच्या पत्त्यावर आहे, रस्त्याच्या पाटीवर आहे आणि फारसीचे एक अक्षरही न कळणाऱ्या गावकऱ्याच्या तोंडी आहे. असल केव्हाच गेली. तालका इतक्या हातांत गेल्या, की आता ती नोंद खोडून टाकणे कोणत्याही सरकारच्या, सावकाराच्या वा आगीच्या शक्तीबाहेर आहे.